खराट्याचा मान : संत गाडगे महाराज यांचे जीवनकार्य

देवालय म्हटले की गोमंतकीयाच्या डोळ्यांपुढे प्रथम दीपस्तंभ उभा राहतो, मागोमाग सभामंडप, दोन्ही बाजूंच्या अग्रशाळा आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली तळी. अभिषेकाला पाणी हवे, संकल्पाला पाणी हवे, तीर्थाला पाणी हवे आणि दुरून आलेल्या महाजनाच्या पायांवर घालावयासही पाणीच हवे. म्हणून आपल्या पूर्वजांनी जेथे जेथे देव स्थापिला तेथे तेथे झर, व्हाळ किंवा तळी यांची सोय आधी पाहून ठेवली. त्याच पूर्वजांनी देवकार्यातील प्रत्येक सेवेचा मानही ठरवून दिला. पालखीला खांदा कोणी द्यावा, पहिला नारळ कोणाचा, प्रसाद कोणास आधी मिळावा, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे आणि त्यावरून अधूनमधून वादही झडत असतात. मात्र जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आवारात पसरलेल्या पत्रावळी, तळीच्या पायऱ्यांवरचे निर्माल्य आणि अग्रशाळेमागची घाण काढण्याचा मान आपला आहे, असे म्हणत कोणी पुढे आल्याचे सहसा ऐकिवात नाही.

महाराष्ट्रात एक असा पुरुष होऊन गेला की ज्याने नेमका तोच मान आयुष्यभर मागून घेतला. त्याच्या हाती टाळ नव्हता, वीणा नव्हती, पोथी तर त्याला वाचताही येत नव्हती. त्याच्या हाती होता एक खराटा. त्या खराट्याने त्याने अर्धशतक खेडी झाडली, घाट बांधविले, यात्रेकरूंना आणि रुग्णांना निवारा दिला. लोक त्याला गाडगे महाराज म्हणू लागले.

गाडगे महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडातील अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे, परीट समाजातील एका कुटुंबात झाला. पिता झिंगराजी, माता सखुबाई. झिंगराजी मद्याच्या आहारी गेले आणि डेबूजी अगदी लहान असतानाच हे जग सोडून गेले. निराधार झालेल्या सखुबाईंनी मुलाला उराशी धरून आपल्या माहेरी, मूर्तिजापूर भागातील दापुरे या गावी आश्रय घेतला. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या शेतावर हा मुलगा वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखणे, गोठा साफ करणे, पुढे नांगर धरणे, हीच त्याची पाठशाळा झाली.

दापुरे हे गाव पूर्णा नदीच्या काठी आहे. पूर्णेच्या खोऱ्याचा हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. वरून पाहिल्यास काळीभोर, कसदार जमीन. पण विहीर खणावी तर खारट पाणी लागते. ते पिऊन तहान भागत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. अशा मुलखात गोड्या पाण्याची किंमत काय असते हे लहानपणीच कळते. नदीचे पाणीच पिण्याचे, त्याच नदीत गुरांची अंघोळ, त्याच नदीत गावाचे कपडे धुणे. ज्या समाजात डेबूजींचा जन्म झाला त्याचा व्यवसायच मळ काढण्याचा. मळ नाहीसा होत नसतो; तो एका जागेवरून सुटून वाहत्या पाण्याबरोबर खालच्या घाटावर पोहोचतो, हे परिटाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पूर्णेच्या पाण्यात डेबूजी पट्टीचे पोहणारे झाले. नदीचे उपकार आणि नदीचा धोका, दोन्ही त्यांनी जवळून पाहिले.

ऐन तारुण्यात त्यांनी शेतीत जीव ओतला. परंतु त्या काळच्या वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घामावर सावकाराची वही भारी पडत असे. मामाच्या निरक्षरतेचा लाभ घेऊन सावकाराने घरच्या जमिनीवर हक्क सांगितला आणि त्या धक्क्याने मामा खचून गेले. अक्षर न येणाऱ्या माणसाचा अंगठा त्याचा सर्वनाश कसा करतो याचा हा धडा डेबूजी कधी विसरले नाहीत. पुढे त्यांच्या प्रत्येक कीर्तनात कर्ज, दारू आणि मुलांचे शिक्षण हे तीन विषय ठरलेले असत, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

१८९२ साली त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांसमद्याची पंगत व्हावी अशी आप्तेष्टांची अपेक्षा होती. डेबूजींनी तो रिवाज मोडून गोडाचे जेवण वाढले. जातबांधव रुसले, टीका झाली, पण ते ढळले नाहीत. समाजाला जे सांगावयाचे त्याचा पहिला प्रयोग आपल्याच घराच्या ओटीवर करावयाचा, हा त्यांचा आयुष्यभराचा बाणा येथे प्रथम दिसून येतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी रात्री डेबूजींनी गृहत्याग केला. मागे वृद्ध माता, पत्नी आणि मुले होती. या गृहत्यागाचे दुःख त्या कुटुंबाने सोसले, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. थोर पुरुषांच्या चरित्रात घरच्या माणसांनी दिलेला वाटा बहुधा लिहिला जात नाही. महाराजांच्या बाबतीत तो लिहिला पाहिजे, कारण पुढेही त्या मंडळींना त्यांच्या कीर्तीचा कोणताच ऐहिक लाभ झाला नाही.

त्यानंतरची सुमारे बारा वर्षे त्यांनी अनवाणी भ्रमंती केली. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात काठी आणि खराटा. जवळ मातीचे एक फुटके गाडगे असे. त्यातच भिक्षेची भाकर घ्यावयाची, त्यानेच पाणी प्यावयाचे आणि ऊन लागले तर तेच डोक्यावर पालथे घालावयाचे. या गाडग्यावरूनच गाडगेबाबा हे नाव रूढ झाले. पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत. कोणी हार घेऊन आला तर ते तेथून निघून जात.

त्यांच्या सेवेची रीत मोठी विलक्षण होती. गावात शिरताच ते कोणाला काही न विचारता झाडावयास लागत. देवळापुढचा चौक, चावडीची वाट, पाणवठ्याभोवतीचा चिखल, गटारे, उकिरडे, जे समोर येईल ते साफ करावयाचे. आरंभी लोकांना हा कोणी वेडा वाटे. काही वेळाने एखादा पोर हातात फांदी घेऊन मदतीला येई, मग दुसरा, मग चार प्रौढ. दुपार टळेपर्यंत अर्धे गाव खराटे घेऊन बाहेर पडलेले असे. संध्याकाळी झाडलेल्या त्याच जागेवर कीर्तन होई. श्रोता ज्या जमिनीवर बसे ती त्याने स्वतःच्या हातांनी स्वच्छ केलेली असे. उपदेश कानात शिरण्यापूर्वी तो हातांनी आचरलेला असावा, हे या क्रमाचे रहस्य होय.

ते कीर्तनही रूढ पद्धतीचे नसे. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान यांचा थाट त्यात नव्हता. महाराज वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि हजारोंचा समुदाय एका मुखाने उत्तर देई. असे उत्तर देता देताच श्रोत्याला आपली चूक आपल्याच तोंडून कळून येई. देवाला रोज स्नान घालणारा माणूस आपल्या विहिरीच्या कठड्यावर खरकटे का टाकतो, नवसासाठी कर्ज काढणारा बाप मुलाला पाटी का घेऊन देत नाही, मुक्या जनावराचा बळी दिल्याने रोग कसा हटेल, अशा साध्या प्रश्नांनी ते भल्याभल्यांना निरुत्तर करीत. त्यांनी देव नाकारला नाही. देव शोधण्याची जागा बदलून दिली. भुकेला, तहानेला, रोगी आणि अडाणी माणूस हेच त्यांनी उपासनेचे स्थान मानले.

गावच्या घाणीचा आणि गावच्या मृत्यूचा संबंध किती निकटचा आहे, हे समजण्यासाठी त्या काळाकडे वळून पाहिले पाहिजे. डेबूजी आठ वर्षांचे असताना, १८८४ साली, जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला. त्यांना ते जंतू तेथील एका तलावाच्या पाण्यातही सापडले. त्या तलावाच्या काठी लोक राहत, त्यातच स्नान करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. त्याच्याही तीस वर्षे आधी, १८५४ साली, लंडनच्या एका वस्तीतील पटकीचा संबंध डॉ. जॉन स्नो यांनी तेथील एका सार्वजनिक पंपाशी जोडून दाखविला होता. रोग हवेतून किंवा देवीच्या कोपातून येत नाही, तो रोग्याच्या मळातून पाण्यात आणि पाण्यातून निरोग्याच्या पोटात जातो, हे विज्ञानाने सिद्ध केले. पण हे ज्ञान खेड्यापर्यंत पोहोचावे कसे? ग्रंथ परकीय भाषेत आणि वाचणारे शहरात. पंढरीच्या वारीबरोबर पटकीही गावोगाव फिरत असे आणि यात्रेहून परतलेला माणूस प्रसादाबरोबर मरणही घरी आणीत असे.

दुसरा रोग नारूचा. महाराष्ट्राच्या कोरड्या प्रदेशात पायऱ्यांच्या विहिरी असत. नारूने पायाला फोड आलेला माणूस पाणी भरण्यासाठी पायरीवर उतरे, पाय पाण्यात बुडताच त्या फोडातून असंख्य सूक्ष्म अळ्या पाण्यात जात, त्या पाण्यातील बारीक पिसवांच्या पोटात वाढत आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरातून वर्षभराने हातभर लांबीचा कृमी बाहेर पडे. हे सारे पेरणीच्या हंगामातच घडले म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष बुडालेच. यावर औषध असे नव्हतेच. विहिरीच्या पायऱ्या बंद करून कठडा बांधणे आणि पाणी फडक्याने गाळून पिणे, एवढ्याच उपायांनी अखेर हा रोग हटला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. कठडा आणि फडके, दोन्ही गोष्टी कोणत्याही गावाच्या आवाक्यातील होत्या. उणीव होती ती सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याच्या विश्वासाची. ज्या काळी आरोग्य खात्याचा माणूस खेड्यात क्वचितच पोहोचे त्या काळी गाडगे महाराज खराटा घेऊन पाणवठ्यावर उभे राहिले, यात त्यांच्या कार्याचे खरे मोल आहे.

पूर्णेच्या काठी अमरावती जिल्ह्यातच ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीच्या काठी उतरावयास धड वाट नव्हती. चिखलात वृद्ध घसरत, पाणी भरणाऱ्या बाया पडत आणि हजारो पायांनी ढवळलेले गढूळ पाणीच तीर्थ म्हणून प्राशन केले जाई. महाराजांनी प्रथम स्वतः कुदळ फावडे घेऊन उतार सारखा करण्यास आरंभ केला. नंतर लोकांच्या देणग्या आणि श्रम यांतून १९०८ साली तेथे पक्का घाट उभा राहिला. घाट ही देखणी वास्तू खरीच, परंतु तिचा मुख्य गुण उपयुक्ततेचा आहे. दगडी पायऱ्या असल्या की काठाची माती पाण्यात उतरत नाही, स्नानाची आणि पाणी भरण्याची जागा वेगळी राखता येते आणि झाडलोट करता येते. आपल्याकडील देवळांच्या तळ्या जांभ्या दगडांनी बांधून काढणाऱ्या पूर्वजांची दृष्टीही हीच होती.

१९१७ साली महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे कार्य हाती घेतले. विठ्ठलाच्या दर्शनासाठी लाखो वारकरी तेथे लोटत. त्यांपैकी ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना शहरात डोके टेकावयास जागा मिळत नसे. पावसात, चिखलात, चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांना दिवस काढावे लागत. ज्या चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशी आहे, त्यांच्याच वंशजांची ही स्थिती होती. पंढरीचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते १९४७ साली. त्याच्या तीस वर्षे आधी एका निरक्षर परिटाने त्यांच्यासाठी छपराचा, चुलीचा आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सोडविला. स्वतः महाराजांनी देवळात जाऊन दर्शन घेण्याचा अट्टाहास कधी केला नाही. वारीच्या दिवसांत ते वाळवंट झाडीत राहिले. पुढे नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांतूनही धर्मशाळा उभ्या झाल्या. अंध, पंगू, कुष्ठरोगी यांना अन्नवस्त्र मिळावे म्हणून सदावर्ते सुरू झाली.

गोमंतकाशी महाराजांचा थेट संबंध सांगता येत नसला तरी आपल्या शेजारच्या कोकणपट्टीने त्यांच्या जीवनातील एक अत्यंत कठीण प्रसंग पाहिला आहे. पेडण्याच्या सीमेपलीकडे आजचा सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. तेव्हा तो भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. तेथील खारेपाटण या गावी १९२३ साली महाराजांचे कीर्तन चालू असता त्यांचा एकुलता मुलगा गोविंद मरण पावल्याची वार्ता येऊन पोहोचली. क्षणभर ते स्तब्ध झाले. मग असंख्य लोकांची मुले रोज जातात तेथे एकासाठी कीर्तन थांबविण्याचा आपणास अधिकार नाही, अशा भावनेने त्यांनी ते पुढे चालू ठेवले. या प्रसंगाकडे केवळ वैराग्याचा नमुना म्हणून पाहणे अपुरे होईल. ज्या काळात दर घरी दोन चार मुले तापाने, हगवणीने, पटकीने जात, त्या काळातील प्रत्येक आईबापाचे दुःख त्यांनी त्या क्षणी आपल्या दुःखाच्या बरोबरीला आणून बसविले. आपले दुःख मोठे आणि इतरांचे लहान, असे त्यांनी मानले नाही.

देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या महाजनांनी विशेष लक्ष द्यावे असा त्यांच्या चरित्राचा एक भाग म्हणजे त्यांनी संस्था कशा चालविल्या हा होय. गोव्यात १९३३ च्या नियमावलीने देवस्थानांचे हिशेब, अंदाजपत्रक आणि महाजनांच्या सभा यांना कायद्याचे रूप दिले. ज्याला आपले नाव लिहिता येत नव्हते त्या माणसाने कायद्याची सक्ती नसताना त्याहून कडक शिस्त स्वतःला लावून घेतली. लोकांनी दिलेल्या पैशाला ते स्वतः हात लावीत नसत. इमारती उभ्या राहिल्या त्या विश्वस्तांच्या नावे. आणि आपल्या कुटुंबातील अगर नात्यातील कोणासही या संस्थांवर वारसा सांगता येणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. कुंताबाई आणि मुली यांना धर्मशाळांच्या वैभवात वाटा मिळाला नाही. हजारोंना आसरा देणाऱ्याची पत्नी झोपडीत राहिली. या कठोरतेविषयी मतभेद होऊ शकतात. तथापि देवाच्या द्रव्यावर सेवकाचा हक्क नसतो, या तत्त्वाचे इतके निखळ उदाहरण दुसरे सापडणे अवघड आहे.

१९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती तेथे विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून. एवढ्या कष्टाने उभारलेली वास्तू योग्य हाती सोपविताना त्यांचा हात अडखळला नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्याशीही त्यांचे जिव्हाळ्याचे नाते होते. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयाला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाच्या दारावर लागावे, यात काव्यात्म न्याय आहे. तत्पूर्वी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना होऊन सर्व संस्थांचा कारभार एका सूत्रात बांधला गेला.

वय झाले, शरीर थकले, तरी रुग्णांची हेळसांड त्यांना पाहवत नसे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रोग्यांबरोबरचे नातलग पदपथावर झोपत, तेथेच स्वयंपाक करीत आणि स्वतःही आजारी पडत. १९५४ साली त्यांच्यासाठी धर्मशाळा उभी राहिली. महाराजांच्या पश्चात दादर येथेही त्यांच्या नावाने धर्मशाळा झाली. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी दूरदूरच्या प्रांतांतून येणाऱ्या कुटुंबांना तिचा आधार मिळाला. रोग्याला औषधाइतकीच स्वच्छ जागा आणि शुद्ध पाणी यांची गरज असते, हे महाराजांनी ओळखले होते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर महाराजांनी देह ठेवला. जन्मभर एका गावी न थांबलेल्या या यात्रिकाला मृत्यूही वाटेवरच, नदीच्या सान्निध्यात आला. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले होते. पंधरवड्याच्या आत दुसरा आधार गेला. अमरावतीत त्यांची समाधी आहे. २०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावागावांत चढाओढ लागली, शौचालये बांधली गेली, गटारे वाहती झाली, पाणवठे साफ झाले. अमरावती विद्यापीठासही २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

या चरित्राचा आपल्याशी संबंध काय, असा प्रश्न पेडणे डिचोलीकडील महाजन बंधुभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वऱ्हाडात पाणी दुर्मीळ. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. परंतु जांभ्या दगडाच्या आपल्या भूमीची तऱ्हा न्यारी आहे. हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी भराभर झिरपून जाते आणि वैशाखात सड्यावरच्या विहिरी तळ गाठतात. ज्या छिद्रांतून पाऊस झिरपतो त्यांच छिद्रांतून शौचकूपाची घाणही झिरपते. म्हणूनच शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगास असावा, असे जाणते सांगत आले आहेत. डिचोली तालुक्यात खाणींच्या मातीने ओहोळ आणि शेते भरली, कित्येक विहिरींचे पाणी आटले, हा आपला स्वतःचा अनुभव आहे.

मध्यंतरी पुष्कळ सुधारणा झाली. पेडण्याला चांदेलचे शुद्ध केलेले पाणी मिळाले आणि २०२२ साली प्रत्येक ग्रामीण घरात नळ पोहोचलेले देशातील पहिले राज्य म्हणून गोव्याची नोंद झाली. ही भूषणाची गोष्ट आहे. पण घरात नळ आला आणि गावच्या झरीकडे, विहिरीकडे, देवाच्या तळीकडे पाहणारे डोळे कमी झाले. गाळ उपसावयास पूर्वी सारे वांगडी एकत्र येत. आता ते काम ठेकेदाराकडे जाते किंवा राहून जाते. शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत हजारो धोंड तळीत स्नान करून होमकुंडाकडे वळतात. साखळीजवळ विठ्ठलापूर कारापूरच्या विठ्ठल मंदिराशेजारून वाळवंटी वाहते. हे पाणी निर्मळ राखणे हे देवकार्यच आहे आणि ते नळाने होणारे नाही.

गाडगे महाराजांनी शासनाची वाट पाहिली नाही आणि देवावरही भार टाकला नाही. जे काम हातांनी होण्यासारखे होते ते त्यांनी हातांनी केले, इतरांकडून करविले आणि त्या कामाला चिकटलेला हीनपणाचा डाग पुसून टाकला. घाण करणारा उच्च आणि ती काढणारा नीच, ही उलटी समजूत आपल्या समाजाने शतकानुशतके बाळगली. अनेक रोगांचे मूळ त्या समजुतीत होते. कारण जे काम हलके मानले गेले ते करावयास कोणी धजेना आणि जो करी त्यालाच आपण पाणवठ्यापासून दूर ठेवीत आलो.

देवालयातील प्रत्येक मानाला परंपरेचा आधार असतो आणि तो असावाही. त्या मानांच्या यादीत खराट्याला जागा मिळाली, पालखीला खांदा देणारे हात दुसऱ्या दिवशी सकाळी तळीच्या पायऱ्या झाडू लागले, सोबत त्या घरची मुलेही असली आणि ते काम गावातील कोणा एका जातीवर सोपविलेले नसले, तर वऱ्हाडच्या त्या चिंधीधारी पुरुषाचे स्मरण केल्याचे सार्थक होईल. त्यांना हारतुरे कधीच आवडले नाहीत. झाडलेले अंगण मात्र त्यांना नेहमीच आवडत असे.